स्कॅनर घेण्याआधी डबा उघडा

फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जो आकडा छापलेला असतो, त्याचा घरातल्या फोटोंना सगळ्यात कमी उपयोग होतो. ४८००, ६४००, ९६०० डीपीआय. म्हणजे एका इंचात किती ठिपके. आकडा मोठा तर स्कॅनर चांगला, असं आपण धरून चालतो. फोनच्या मेगापिक्सेलनी आपल्याला ती सवय लावलीच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की आधी स्प्रेडशीट उघडतो. स्कॅनरसाठीही उघडली. सात मॉडेल्स, अकरा कॉलम. पण निर्णय झाला तो त्या शीटमुळे नाही, चिपळूणच्या घरातल्या पोटमाळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यामुळे. घरचे जुने फोटो स्कॅन करायचे तुमच्या मनात असेल, तर यातला तांत्रिक भाग तुमच्या कामी येईल. बाकीचा भाग आमच्या घरचा आहे, पण तो वगळला तर तांत्रिक भागाला अर्थ उरत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. पाणी उतरल्यावर आधी गाळ काढायचा, पिण्याचं पाणी आणायचं, आजीची औषधं मिळवायची. फोटोंची आठवण यायला चार दिवस गेले. प्लास्टिकच्या खिशांत अडकलेले प्रिंट एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटले होते. आईने निघाले तेवढे काढून वरच्या खोलीत पंख्याखाली पसरले. एकूण १४३ वाचले. वाळताना सगळे पापडासारखे वाकले. बाकीच्यांवर चेहऱ्यांच्या जागी रंगाचे ओघळ उरले.

पोटमाळ्यावरच्या डब्याला मात्र पाणी लागलं नाही. त्यात निगेटिव्ह होत्या. आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या ५८ चौकोनी, ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्ह. आणि बाबांनी नव्वदीच्या दशकात काढलेल्या ३५ मिमी रंगीत रोलच्या ४१ पट्ट्या. कुठे चार फ्रेमची, कुठे सहा फ्रेमची, अशा सगळ्या मिळून १९० फ्रेम. हा डबा 'कधीतरी टाकून देऊ' या वर्गातला होता. पुरानंतर तोच आमचा अल्बम झाला.

म्हणून पहिला सल्ला हा की दुकानात किंवा ॲपवर जायच्या आधी डबा उघडा आणि मोजा. प्रिंट किती, ते सपाट आहेत की वाकलेले? निगेटिव्ह आहेत का? असल्या तर कोणत्या मापाच्या, रंगीत की ब्लॅक अँड व्हाईट? स्लाइड आहेत का? एवढ्या प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की निम्मे स्कॅनर आपोआप गळतात.

आधी वाकलेल्या प्रिंटचं बघू. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे. स्वस्त, पातळ, यूएसबीच्या वायरीवरच चालणारे असतात ते सीआयएस. यात पानाच्या रुंदीएवढा सेन्सर अगदी काचेखालून सरकत जातो. कॅननची लाइड मालिका किंवा एप्सनचा व्ही३९ या जातीतले. दुसरी जात सीसीडी. यात आरसे आणि भिंग असतं, प्रतिमा लहान होऊन आतल्या छोट्या सेन्सरवर पडते. म्हणून हे स्कॅनर जाड, जड आणि महाग.

सपाट कागदासाठी दोन्ही चालतात. फरक पडतो तो काचेपासून वर उचललेल्या भागात. सीआयएसला काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं. दोन-तीन मिलिमीटर वर असलेला भाग धूसर होतो. सीसीडीला काचेच्या थोडं वरचंही स्पष्ट दिसतं. आमचे पापड झालेले प्रिंट झाकणाने जोरात दाबले असते तर वरचा थर तडकला असता. शिवाय आजोबांचा एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेला आतून पूर्ण चिकटला आहे. असा फोटो सोलून काढायला जाऊ नये, चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. तो काचेसकट स्कॅन करायचा. म्हणजे सेन्सर आणि फोटो यांच्यात स्कॅनरची काच अधिक फ्रेमची काच. हे काम सीसीडीचंच. शीटमधली तीन नावं इथेच कमी झाली.

आता निगेटिव्ह. साध्या फ्लॅटबेडवर निगेटिव्ह ठेवून स्कॅन करता येत नाही, कारण तिथे उजेड खालून येतो आणि कागदावरून परत फिरतो. फिल्ममधून उजेड आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणात वेगळा दिवा हवा, आणि फिल्म ठराविक उंचीवर ताठ धरणारा होल्डर हवा. घेताना जाहिरातीत 'फोटो स्कॅनर' लिहिलेलं पुरेसं नाही, झाकणात फिल्मसाठी दिवा आहे का ते विचारा.

फक्त फिल्मसाठी बनवलेले छोटे स्कॅनरही मिळतात. प्लसटेकचे आहेत, आणि ३५ मिमीसाठी ते फ्लॅटबेडपेक्षा बरेच सरस असतात. बाबांच्या पट्ट्यांसाठी तोच घ्यावा असं माझं जवळजवळ ठरलं होतं. पण त्याच्या होल्डरमध्ये ३५ मिमीपेक्षा मोठं काही बसत नाही. आजोबांच्या निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरच्या. क्लिक थ्रीमध्ये १२० चा रोल लागायचा आणि एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे. म्हणजे आजोबांसाठी एक यंत्र आणि बाबांसाठी दुसरं, किंवा दोघांना बऱ्यापैकी न्याय देणारं एकच.

इथे खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. एप्सन व्ही६०० वर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं. सेन्सर तेवढे ठिपके मोजतो हे खरं. पण भिंग, फोकस आणि यंत्राची थरथर यातून प्रत्यक्षात किती तपशील हाती लागतो हे वेगळं मोजावं लागतं. बारीक होत जाणाऱ्या रेषांचा चार्ट स्कॅन करून कोणत्या रेषा अजून सुट्या दिसतात ते बघतात. अशा स्वतंत्र चाचण्यांत व्ही६०० चा खरा आकडा दीड हजाराच्या थोडा वर येतो. लिहिलेल्याच्या साधारण चौथा हिस्सा. व्ही८५० हा मोठा भाऊ दोन हजारांच्या पुढे जातो, पण किंमत कितीतरी जास्त.

'चौथा हिस्सा' वाचून मीही टॅब बंद करणार होतो. मग गणित केलं. खरे १६०० डीपीआय धरले तर ३५ मिमीच्या एका फ्रेममधून सुमारे ३४ लाख पिक्सेल मिळतात. त्यातून ५ बाय ७ इंचाचा स्वच्छ प्रिंट निघतो. आमच्या घरात याहून मोठा फोटो फक्त लग्नाचा आणि भिंतीवरचा. आणि आजोबांच्या ६ बाय ६ मधून त्याच १६०० ला सुमारे १ कोटी २४ लाख पिक्सेल. जवळपास १२ इंचाचा चौरस प्रिंट. फिल्मच मोठी असल्याने साध्या भिंगाचा, फोकस नसलेला कॅमेरा इथे बाबांच्या कॅमेऱ्याच्या पुढे जातो. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमचे आप्पा कशातही पुढेच असायचे."

उलट ६४०० ला स्कॅन केलं तर ३५ मिमीच्या एका रंगीत फ्रेमची ४८ बिटची फाइल सुमारे ३३० एमबीची होते. त्यातला बहुतेक भाग म्हणजे फिल्मचे कण आणि धूसरपणा नीट मोठा करून साठवलेला. मी ३२०० ला स्कॅन करतो आणि फाइल निम्म्या मापावर आणतो. साध्या प्रिंटला ६०० पुरेसे होतात. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटमधून त्याने ८६ लाख पिक्सेल मिळतात. त्यापुढे कागदात तपशीलच नसतो, कागदाचा पोत तेवढा दिसतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत असते, डिजिटल आइस. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारं तंत्र. ते कसं चालतं हे कळलं की कुठे चालणार नाही तेही कळतं. स्कॅनर नेहमीच्या उजेडासोबत इन्फ्रारेड उजेडानेही एकदा फिल्म बघतो. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ नसते. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये जे दिसलं ते सगळं धूळ आणि ओरखडे, तेवढं भरून काढायचं. बाबांच्या पट्ट्यांवर हे जादूसारखं चालतं, फक्त वेळ कित्येक पट लागतो. पण पारंपरिक ब्लॅक अँड व्हाईट फिल्ममध्ये प्रतिमा रंगांची नसते, चांदीच्या कणांची असते, आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. आइस चालू ठेवलं तर माणसाची भुवईसुद्धा त्याला धूळ वाटते. आजोबांच्या ५८ फ्रेमना मऊ ब्रश, रबरी फुग्याची हवा आणि नंतर स्क्रीनवर एकेक डाग पुसणं, एवढंच.

कोकणातल्या घरात बुरशी असतेच. जाळी धरलेली निगेटिव्ह पाण्याने पुसायचा मोह होतो. पुसू नका. बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते आणि तो पाण्यात विरघळायच्या स्थितीत येतो. आहे तशीच स्कॅन करा, मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा.

फोनने नाही का भागत? पुष्कळ ठिकाणी भागतं. गूगलचं फोटोस्कॅन ॲप एकाच प्रिंटचे चार-पाच फोटो घेऊन त्यावरची चमक काढतं. मावशीकडच्या अल्बममधले फोटो मी तसेच घेतले, कारण तो अल्बम मावशी घराबाहेर काढू देत नाही. चांगला कॅमेरा, मॅक्रो भिंग आणि उजेडाची पाटी असेल तर निगेटिव्हचे फोटो काढून फ्लॅटबेडपेक्षा सरस काम होतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. आणि प्रयोगशाळेत द्यायचं म्हटलं तर डबा घराबाहेर पाठवायला आई तयार नव्हती. एकदा पाण्याने नेलं, आता कुरिअरने नको, असं तिचं म्हणणं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी पुण्यात एका हौशी फोटोग्राफरकडून वापरलेला व्ही६०० घेतला. वापरलेला घेताना चार गोष्टी बघा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं आलंय का, ते उजेडात तिरकं बघून कळतं. काहीही न ठेवता स्कॅन करा, उभी रेघ आली तर आत कचरा आहे. झाकणातला दिवा फिल्म मोडमध्ये लागतो का. आणि फिल्मचे होल्डर सोबत आहेत का, नंतर ते सुटे शोधताना जीव जातो. ड्रायव्हरची चिंता असेल तर व्ह्यूस्कॅनसारखं सॉफ्टवेअर आहे, कंपनीने साथ सोडलेले अनेक जुने स्कॅनर त्यावर चालतात.

इथपर्यंतची सगळी गणितं बरोबर होती. पण खरी मुदत कशाची आहे, हे स्कॅनर चिपळूणला नेल्यावर समजलं.

आजी ८४ वर्षांची आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने कमी दिसतं. आजोबांच्या निगेटिव्हमधली माणसं ओळखणारी ती एकटीच उरली आहे. बाबांना त्यातली निम्मीही माहीत नाहीत. ते तेव्हा जन्मले नव्हते किंवा रांगत होते. निगेटिव्ह आणखी वीस वर्षं टिकेल. आजीची आठवण किती टिकेल, हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता.

त्यामुळे कामाचा क्रम बदलला. प्रत्येक फ्रेम उत्तम स्कॅन करत बसायच्या ऐवजी आधी सगळ्या ५८ फ्रेम कमी डीपीआयवर भराभर स्कॅन केल्या, उलट्या करून पॉझिटिव्ह बनवल्या आणि टॅबवर चेहरे मोठे करून आजीसमोर धरल्या. एक संध्याकाळ लागली. एसटीच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की फिल्म पालथी ठेवली गेली हे कळायचं, ती फ्रेम आरशासारखी फिरवायची. आजी बोलायची, मी फोनवर रेकॉर्ड करायचो आणि बहीण फ्रेमच्या नंबरापुढे नावं लिहायची.

डब्यातल्या बऱ्याच फ्रेमचे प्रिंट कधी काढलेच नव्हते. तेव्हा रोल धुवायचे आणि मग चार-पाच निवडून तेवढेच प्रिंट काढायचे, पैसे वाचायचे. डोळे मिटलेले, हललेले, पदर उडालेले फोटो निगेटिव्हमध्येच राहायचे. अल्बममध्ये आजी सगळीकडे गंभीर आहे. हात मांडीवर, नजर समोर. आम्ही तिला तशीच ओळखतो. तेविसाव्या फ्रेममध्ये ती गुहागरच्या किनाऱ्यावर आहे, वाऱ्याने पदर तोंडावर आलाय आणि ती मोठ्याने हसते आहे. थोडी हललेली आहे, म्हणून प्रिंट काढला नसावा.

आजीने टॅब जवळ घेतला. म्हणाली, "अरे, हा ह्यांनी मला दाखवलाच नाही."

मग बराच वेळ काही बोलली नाही. बहिणीने विचारलं, "आजी, का हसत होतीस?" तर म्हणाली, "ते कसं आठवेल? पण वाळू गरम होती, चप्पल ह्यांच्या हातात होत्या." फोटोत चप्पल कुठेच नाहीत. त्या कॅमेऱ्याच्या मागे होत्या. ही माहिती कुठल्याच डीपीआयला मिळाली नसती.

त्या संध्याकाळी ५८ पैकी ४९ फ्रेमना नावं मिळाली. चार फ्रेममध्ये माणूसच नाही, बंदर आणि आंब्याचं झाड आहे. उरलेल्या पाचांत एकच गृहस्थ पुन्हापुन्हा येतो. टोपी, जाड चश्मा, आजोबांच्या खांद्यावर हात. आजी म्हणाली, "हे आपल्याकडे जेवायला यायचे. दर गुरुवारी. नाव अगदी ओठांवर आहे बघ." पुढच्या दोन रविवारी फोन केला तेव्हा मी विचारलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "कोण रे? कुठले?"

त्यानंतर मी विचारायचं थांबलो.

आता शनिवार-रविवारी मी आजोबांच्या फ्रेम सावकाश, नीट स्कॅन करतो. सगळं काम संपेल तेव्हा साधारण नऊ जीबी होतील. आजच्या हिशेबाने एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील. मूळ फाइल टिफमध्ये, पाठवायला जेपेग. तीन प्रती. एक पुण्यात माझ्या हार्डडिस्कवर, एक बहिणीकडे ठाण्याला, एक क्लाउडवर. एकाच गावात सगळं ठेवायचं नाही, हे वाशिष्ठीने शिकवलं. नावं आणि आजीने सांगितलेलं फाइलच्या आतच लिहितो, वेगळ्या वहीत नाही, कारण वही आणि फोटोची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्याकडे असा डबा असेल तर स्कॅनर कोणता घ्यावा याचं उत्तर त्या डब्यातच आहे. फिल्म नसेल आणि प्रिंट सपाट असतील तर स्वस्तातला सीआयएस घ्या आणि सुखात राहा. मोठ्या मापाच्या निगेटिव्ह असतील तर झाकणात दिवा असलेला सीसीडी. फक्त ३५ मिमी असतील तर वेगळा फिल्म स्कॅनर. पण त्या डब्यातली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल, तर मॉडेल ठरेपर्यंतही थांबू नका. खिडकीच्या काचेवर निगेटिव्ह धरा, फोनने फोटो काढा, रंग उलटे करा आणि आज रात्री जेवणानंतर दाखवा. दर्जा वाईट असेल. चेहरा ओळखायला तेवढा पुरतो.

गुरुवारी जेवायला येणाऱ्या त्या गृहस्थांच्या पाच फ्रेम मी सगळ्यात काळजीने स्कॅन केल्या. एकूण एक डाग हाताने काढला. चश्म्याच्या काचेत आमच्या जुन्या घराची खिडकी दिसते इतक्या त्या स्वच्छ आल्या आहेत. फाइलमध्ये नावाच्या जागी लिहिलंय : 'दर गुरुवारी येणारे'.